गावाला न सांगितलेलं काम

कवठ्याहून निघालो तेव्हा एसटीत माझ्या मांडीवर गॅसची शेगडी होती आणि वंदनाच्या मांडीवर आमची वर्षाची आर्या. आई खिडकीशी येऊन वंदनाला म्हणाली, "त्याला पाण्याचा तांब्याबी हातानं घ्यायची सवय न्हाई. सांभाळ त्याला." वंदना हसली. मीही हसलो.

मला दौंडजवळच्या कंपनीत कंत्राटी काम लागलं होतं. सात महिन्यांनी ब्रेक दिला, परत बोलावलंच नाही. वंदना नर्सिंग शिकलेली. तिला एका खासगी दवाखान्यात नोकरी लागली. मग आर्याकडे कोण बघणार? मी. आधी वरण-भात जमला, मग चपाती, मग भाकरी. आर्याची वेणी, भांडी, धुणं, सगळं जमलं. खरं सांगतो, आवडलंही. गावाकडं मात्र मी अजून कंपनीतच होतो.

एकदा माझे वडील, आबा, न कळवता आले. मी म्हणालो, आज सुट्टी आहे. वंदना ड्युटीवरून आली तेव्हा ते जेवत होते. तिला बघून म्हणाले, "सूनबाई, सकाळी करून गेलीस व्हय? भाकरी झ्याक झालीया." तिनं माझ्याकडं पाहिलं. मी आबांना आमटी वाढायला वाकलो.

त्या वर्षी यात्रेला गावी गेलो. सलग सहा दिवस ड्युटी करून आलेली वंदना चुलीपुढं बसली आणि मी पारावर. दुपारी ती जरा आडवी झाली, तर आई सगळ्यांदेखत म्हणाली, "नोकरीचं नुस्तं नाव. माझ्या लेकाच्या जिवावर आयतं खाती, आन् दोन दिस गावाला आली की पाठ दुखती." मी तिथंच होतो. चहा पीत होतो.

परतताना शिरूरच्या स्टँडवर वंदना एवढंच म्हणाली, "भाकऱ्या थापायची लाज न्हाई वाटत तुम्हाला. सांगायची वाटती."

त्यानंतर ती गावी आली नाही. मी एकटा जायचो, तिला सुट्टी नाही म्हणायचो. एकदा धीर करून आबांना रानात गाठलं, सगळं सांगितलं. ते बांधावर टेकले आणि म्हणाले, "मला त्याच दिशी कळलं व्हतं. तुझ्या नखात पीठ व्हतं." मी विचारलं, "मग आईला का बोलला न्हाई?" ते उठले. "म्हंजी गावभर व्हऊ दे व्हय? गप ऱ्हा."

आणि मी गप्प राहिलो.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, तुमच्यातही कुणी असं गुपचूप कणीक मळत असेल. आम्हाला काम जमतं. ते कबूल करणं जमत नाही, आणि त्याची बोलणी बायका खातात.

मी गावाहून परतलो की वंदना दारातच विचारायची, "सांगितलंत का आईंना?" मी नाही म्हणायचो, ती आत जायची. कुणीतरी असं विचारायला दारात उभं असतं तेच आपलं घर, एवढंच मला इतक्या वर्षांत कळलं.

या दिवाळीला परत आलो. तिनं दार उघडलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि काहीच विचारलं नाही.