हवालदाराचा उजवा कान

आमच्या घरात गेली काही वर्षे एका हवालदाराविषयी बोलले जाते. तो खरा नाही. मोबाईलच्या अ‍ॅपवर भागाभागाने येणाऱ्या एका मराठी रहस्यकादंबरीचा तो नायक. घाटातल्या चौकीवर त्याची नेमणूक आहे. त्याच्या चाहत्यांचा ऑनलाइन गट आहे आणि तो चालवणाऱ्यांत माझी मुलगी आहे. गटातले लोक कादंबरीवर वाद घालतात, तीच पात्रे घेऊन स्वतःच्या कथा लिहितात आणि एकमेकांच्या वाचतात.

गटाचा एक दंडक आहे. पात्राविषयी कुणी काही विधान केले की बाकीचे लगेच लिहितात, "ओळ दाखव." मूळ कादंबरीतली ओळ दाखवता आली नाही, तर विधान मागे घ्यायचे. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केले आहे. हाती आलेल्या बातमीला आमचा पहिला प्रश्न "कुणी सांगितलं?" असा असे. त्यामुळे दंडक मला ओळखीचा वाटला. एका काल्पनिक हवालदारासाठी तो इतका कडक का पाळायचा, हे मात्र कळत नव्हते. नवऱ्याला तर सगळेच अजब वाटे.

"एवढं बारीक सोसायटीचे नियम वाचलेस तर सेक्रेटरी करतील तुला," तो मुलीला म्हणाला होता.

"त्यात वाचण्यासारखं काय आहे, बाबा?"

"काहीच नाही. पण तुला सापडेल."

मग तक्रार आली. कसबा पेठेत घरचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान चालवणाऱ्या एक बाई गटाच्या सर्वांत जुन्या सभासद आहेत. सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांनी पूर्वी लिहिलेल्या एका कथेत हवालदाराला उजव्या कानाने ऐकू येत नाही. आता हडपसरच्या एका मुलीने, जी आयटी कंपनीत नोकरी करते, नवी कथा टाकली होती. तिच्यातही हवालदार उजव्या कानाने बहिरा होता. ताईंनी गटावर लिहिले, "कादंबरीत तो बहिरा आहे असं कुठेही नाही. ते मी रचलं. मग हिला ते कुठून मिळालं?"

युक्तिवाद बिनतोड होता. नक्कल सिद्ध झाली तर लेखकाच्या सगळ्या कथा काढायच्या आणि त्याला गटाबाहेर करायचे, असा नियम. हडपसरच्या मुलीने आजवर लिहिलेले सगळे त्या गटावरच होते. तिचे वाचकही तेवढेच. तिने उत्तर दिले, "मी ताईंची ती कथा वाचलेली नाही. तो मला तसाच वाटला." 'वाटला' या शब्दाला तिथे किंमत नव्हती. बहुतेकांनी तिला काढावे असे मत दिले. निर्णय गट चालवणाऱ्यांवर, म्हणजे बऱ्याच अंशी माझ्या मुलीवर आला.

मी तिला डेस्कवरचा मार्ग सुचवला. त्या मुलीने ताईंची कथा कधी उघडली होती का, कुणाशी तिच्याविषयी बोलली होती का, याची चौकशी कर, असे सांगितले.

"आई, ते नंतर. कादंबरीत तो खरंच बहिरा नाही का, हे आधी बघायला पाहिजे."

"तुम्ही सगळ्यांनी ती दहादा वाचली आहे ना?"

"म्हणूनच तर. आता कुणी वाचत नाही. सगळ्यांना आठवते."

रविवारी ताई आणि हडपसरची मुलगी दोघीही आमच्या विश्रांतवाडीच्या घरी आल्या. एकीने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी मजकूर समोर धरायचा, जिला शंका येईल तिने थांबवायचे आणि कारण सांगायचे, अशी त्यांची पद्धत आहे. नवऱ्याने चहा विचारला.

"चहा नंतर. आधी निकाल," ताई म्हणाल्या.

"अहो, कोर्टाबाहेरसुद्धा चहा मिळतो," तो म्हणाला आणि चहा टाकायला गेला.

पहिले प्रकरण निमूट गेले. दुसऱ्यात माझ्या मुलीने थांबवले. हवालदाराला जीपमध्ये पुढची जागा देतात, तरी तो चालकाच्या मागे बसतो. तिथे बाकीची माणसे त्याच्या डाव्या बाजूला येतात. ताई म्हणाल्या, सवय असेल. पुढे त्याच्या डाव्या हाताला प्लास्टर आहे, तरी तो उजव्या हाताने फोन डाव्या कानाशी नेतो. मग चहावाल्याचे प्रकरण आले. चहावाला उजवीकडून हाक मारतो, हवालदार उत्तर देत नाही, आणि त्याला मिजास चढली आहे असे चहावाला सांगतो.

"हे सगळे वाचक खरं मानतात, कारण कादंबरीत लिहिलंय," माझी मुलगी म्हणाली. "पण ते चहावाल्याचं मत आहे. प्रकरण तो सांगतोय. त्याला उत्तर आलं नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे."

हडपसरची मुलगी तोवर खाली बघत होती. आता तिने मान वर केली.

त्यानंतर वाचायची पाळी ताईंची होती. रात्रीच्या पहाऱ्याच्या प्रसंगात त्या स्वतःच थांबल्या. "इथे उजवीकडून ट्रक येतो आणि हवालदार वेळेवर बाजूला होतो. मग?"

हडपसरच्या मुलीचा चेहरा पडला. या एका प्रसंगाने आधीचे सगळे कोसळले असते. माझी मुलगीही गोंधळली. तिने पुरावा ओढूनताणून बसवायचा प्रयत्न केला नाही, हे मी नोंदवून ठेवले. ती म्हणाली, "ताई, परत वाचा. दोन ओळी मागून."

ताईंनी वाचले. चौकीवरच्या कुत्र्याचे कान टवकारतात. हवालदार कुत्र्याकडे बघतो. मग वळतो. मग ट्रक. ताईंनी ते मनात पुन्हा एकदा वाचले.

"त्याला ट्रक ऐकूच आला नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "तो कुत्र्यावर नजर ठेवून होता." थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे मी काही रचलं नव्हतं. मी वाचलं होतं, आणि वाचलंय हे विसरले."

"तुम्ही सगळ्यांच्या आधी वाचलंत," माझी मुलगी म्हणाली.

"ते ठीक आहे गं. पण इतकी वर्षं माझं म्हणून मिरवलं."

डेस्कवर मी हुशार माणसे पुष्कळ पाहिली. आपल्या बाजूच्या पुराव्यालाही उलट प्रश्न विचारणारी कमी होती. माझी मुलगी त्यांच्यात बसली असती. मला तिचा अभिमान वाटला. एका मुलीचे लेखन गटावर टिकावे म्हणून तिघी दिवसभर एका न सांगितलेल्या गोष्टीमागे गेल्या, याचाही वाटला. एखाद्या हवालदाराकडे इतके बारकाईने का बघायचे, हे मी नंतर विचारले नाही.

ताईंनी तक्रार मागे घेण्याचा मजकूर आमच्या जेवणाच्या टेबलावरच लिहिला आणि पाठवण्याआधी वाचून दाखवला. सुरुवात होती, "गैरसमज झाला."

"कुणाचा?" माझ्या मुलीने विचारले.

ताईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि 'माझा' हा शब्द घातला. चारही प्रसंग प्रकरणांसह खाली लिहिले. मजकूर गेला. गटावर काही वेळ कुणीच उत्तर दिले नाही. सगळे बहुधा कादंबरी उघडून बसले होते.

हडपसरच्या मुलीने गार झालेला चहा हातात घेतला. "ताई, तुमची ती कथा आता वाचली तर चालेल ना? इतके दिवस उघडायची भीती वाटत होती."

"वाच," ताई म्हणाल्या. "पण आज हे झालं म्हणून गोड गोड लिहू नकोस. शेवट फसलाय तिचा. का फसलाय, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही."