हातमोजे काढून बोलणारा श्रीनिवास

उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर आमच्या सेक्शनची बदली झाली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. जागेचं नाव सांगत नाही. सांगायची परवानगी नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. दोन पोस्ट होत्या, खालची मोठी आणि वरची छोटी. मधे बर्फाने भरलेला नाला. नाल्याच्या उतारावरून जाणारी एकच वाट, तिला दोरी आणि लाल झेंडे लावलेले. वरच्या पोस्टवर दोघेच राहायचे, पाळीपाळीने. दुर्बीण लावली की पलीकडच्या माणसाची दाढीसुद्धा दिसायची. आवाज मात्र पोचायचा नाही. वाऱ्यात विरून जायचा.

मोबाईलला रेंज नव्हती. रेडिओ सेट होता, पण तो कामापुरता.

"ब्राव्हो फॉर अल्फा, रिपोर्ट, ओव्हर."

"अल्फा, ऑल ओके, ओव्हर."

"रॉजर, आउट."

संपलं. थंडीत बॅटरी लवकर मरते, त्यामुळे सेटवर गप्पा मारणं हा गुन्हा होता. आमचे सेक्शन कमांडर हवालदार साळुंखे साहेब सातारचे. स्वतः बोलायला लागले की थांबायचे नाहीत, पण सेटवर दुसऱ्याने एक शब्द जास्त बोललेला त्यांना चालत नसे.

सोलापुरात परतल्यावर मला अजून विचारतात, "तितं टाइमपास काय करायचा रे? मोबाईल न्हाय म्हणल्यावर?" मी सांगतो, आम्ही बोलायचो. तुम्ही इथे फुल रेंजमध्ये जेवढं बोलता त्याच्यापेक्षा जास्त. विश्वास बसत नाही कुणाचा. म्हणून हे लिहितोय.

बोलायला शिकवलं ते लान्स नायक श्रीनिवासने. हा सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला, घरात तेलुगू, गल्लीत मराठी. मी मंद्रूपचा. एकाच जिल्ह्याचे म्हणून सेक्शनमध्ये आमची जोडी लावली गेली. श्रीनिवासचे वडील अंबादास मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमवर चादरी विणायचे. आयुष्य तिथेच गेलं, कानही तिथेच गेले. ज्यांनी कधी पॉवरलूमचा कारखाना आतून पाहिला नाही त्यांना सांगतो, तिथे शेजारचा माणूस तुमच्या कानात ओरडला तरी कळत नाही. म्हणून विणकर हाताने बोलतात. दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींत अडकवायच्या आणि झटक्याने सोडायच्या, म्हणजे धागा तुटला. मूठ छातीजवळून बाजूला ओढायची, हँडल ओढल्यासारखी, म्हणजे माग बंद कर. हाताने पाना फिरवल्यासारखं केलं की जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलाव. अंगठा ओठाकडे नेला की चहा. प्रत्येक कारखान्याची थोडी वेगळी भाषा, पण शेजारच्या कारखान्यातला माणूस आला तरी दुपारपर्यंत सरावतो.

श्रीनिवास लहानपणी घरात तेलुगूही शिकला आणि ही हाताची भाषाही. बेस कॅम्पला उतरलो की बाकीचे फोन कानाला लावायचे. मी व्हॉइस नोट पाठवायचो. ज्ञानेश्वर नावाचा आमचा एक शिपाई, त्याला सगळे माउली म्हणायचे, तो बायकोला चक्क पत्र लिहायचा. श्रीनिवास मात्र व्हिडिओ कॉल लावून फोन दगडाला टेकवायचा आणि दोन्ही हात मोकळे करून वडिलांशी बोलायचा. अर्धा अर्धा तास, एक शब्द न उच्चारता. दोघं खदखदून हसायचे. बाजूला उभं राहून बघताना मला हेवा वाटायचा. माझ्या बापाशी मी तोंडाने एवढं कधी बोललो नव्हतो.

महिन्याभरात दोन्ही पोस्टवर हीच भाषा सुरू झाली. ऊन पडलं की वरचा माणूस खडकावर यायचा, खालचा दुर्बीण घ्यायचा. "काय खाल्लं?" "डाळ." "पुन्हा?" "तुझ्या सासऱ्याने मटण पाठवलं नाही." एकच अडचण होती. जाड हातमोज्यात बोटं ओळखू येत नाहीत. बोलायचं तर हातमोजे काढायला लागायचे. म्हणून वाक्यं छोटी, चेष्टा मोठी.

प्रत्येकाची एक खूण होती. श्रीनिवासची खूण केसांतून बोटं फिरवायची, कारण भरती होण्याआधी कंगवा त्याच्या खिशातून कधी हलला नव्हता. माझी खूण शेंगा फोडायची. साळुंखे साहेबांची खूण म्हणजे हातावर हात आपटून अडकवायचा. एक दिवस त्यांनी विचारलंच.

"मंद्रूप, माझी खूण काय रे?"

"साहेब, ते श्रीनिवासला म्हायती."

"श्रीनिवास?"

"टोपी, साहेब."

"टोपी अशी असते?"

श्रीनिवास बूट बांधायला वाकला. खरी खूण होती अडकलेला धोटा. मागातला आडवा धागा नेणारा धोटा मधेच अडकला की माग तिथल्या तिथे खडखडत राहतो, पुढे काही जात नाही. साहेबांचं भाषण तसंच असायचं.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय त्या दिवशी वरच्या पोस्टवर श्रीनिवास आणि माउली होते. तीन दिवस बर्फ पडून सकाळी आकाश स्वच्छ झालं. नाश्ता चालू असताना मोठा आवाज आला, डोंगरातून मालगाडी जावी तसा. बाहेर पळालो. वरच्या पोस्टची झोपडी जागेवर नव्हती. अँटेनाही नव्हता.

"ब्राव्हो फॉर अल्फा, ओव्हर." काही नाही. "ब्राव्हो फॉर अल्फा, ओव्हर." काही नाही.

मी दुर्बीण लावली. झोपडीच्या जागेखालच्या खडकावर एक माणूस दिसला, दुसऱ्याला बर्फातून ओढत असलेला. अंगकाठीवरून ओळखला. श्रीनिवास. त्याचा एक पाय मागे फरफटत होता. ओढून आणला तो माउली, हलत नव्हता.

साहेबांनी मागे बेसला कळवलं आणि चौघांना घेतलं. दोरी कमरेला बांधली आणि नेहमीच्या वाटेने निघालो. अर्ध्या तासाची वाट. पहिल्या झेंड्यापाशी पोचलो तोच मला पलीकडे हालचाल दिसली. दुर्बीण लावली. श्रीनिवास गुडघ्यावर उभा होता, गळ्यात त्याची दुर्बीण. त्याने दाताने ओढून हातमोजे काढले. दोन्ही हात डोक्यावर धरले. तर्जन्या अडकवल्या, झटक्याने सोडल्या. मग मूठ छातीजवळून बाजूला ओढली. पुन्हा तेच. आणि पुन्हा.

"साहेब, थांबा."

"काय झालं?"

"धागा तुटलाय म्हणतोय. माग बंद कर म्हणतोय."

"मराठीत सांग."

"आपल्या वरती बर्फाला चीर पडलीय साहेब. त्याला तिकडनं दिसतीय, आपल्याला न्हाय. पुढं येऊ नका म्हणतोय."

साहेब अडकलेला धोटा नव्हते त्या वेळी. एका शब्दाची ऑर्डर दिली. "मागे." आम्ही मागे फिरलो, खडकाच्या आडोशाला आलो. थोड्याच वेळात तो उतार खाली गेला. दोरी गेली, झेंडे गेले. आम्ही जिथे उभे होतो ती जागा गेली. 

आता एकच रस्ता उरला, डोंगराच्या धारेवरून लांब वळसा. चार तास तरी लागणार. हे श्रीनिवासलाही माहीत होतं. मी हातमोजे काढले आणि विचारलं, "तू कसा?" त्याने अंगठा ओठाकडे नेला. येताना चहा आणा.

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

"चहा मागतोय साहेब."

"थर्मास घ्या," साहेब म्हणाले. घेतला.

धारेवरून जाताना वाट मधे मधे उघडी पडते आणि तो खडक दिसतो. साहेबांनी मला एकच काम दिलं. "दिसला की त्याच्याशी बोल. झोपू देऊ नको." तुटका पाय, थंडी आणि उघड्यावर बसलेला माणूस. तो झोपला तर उठणार नाही हे आम्हा प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या दिवशी माझ्या हातात शस्त्र नव्हतं, गप्पा होत्या.

पहिल्या वळणावर मी विचारलं, "सुट्टीत घरी गेल्यावर पहिलं काय खाणार?" त्याने माझीच खूण केली. शेंगा. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. दुसऱ्या वळणावर विचारलं, "माउली?" छातीवर हात ठेवून वर-खाली केला. श्वास चालू आहे. स्वतःचा कोट काढून त्याने माउलीवर घातला होता, ते मला दुर्बिणीतून दिसलं. मी सांगितलं, "कोट घाल." त्याने हातावर हात आपटून अडकवला. तू पण साळुंखे साहेबांसारखा बोलायला लागलास. मी हसलो. साहेबांनी विचारलं नाही का हसतोय. तिसऱ्या वळणावर त्याची बोटं नीट मिटत नव्हती, तरी उत्तर आलं. मी विचारलेलं, "नायनांना काय सांगू?" घरी तो वडिलांना नायना म्हणायचा. त्याने हळूहळू सांगितलं, "मी सांगेन. व्हिडिओ कॉल."

चौथ्या वळणावर मी हात डोक्यावर धरून बराच वेळ उभा राहिलो. सगळ्या खुणा केल्या. शिव्यासुद्धा दिल्या. उत्तर आलं नाही.

दुपार कलताना पोचलो. माउली जिवंत होता. आज तो गावी आहे, मुलीला शाळेत सोडतो, मला अजून पत्रच लिहितो. श्रीनिवास त्याच्या शेजारी बसलेला होता, पाठ खडकाला, उघडे हात मांडीवर. हातमोजे बाजूला नीट जोडून ठेवलेले. साहेबांनी थर्मास उघडला, कपभर चहा ओतला आणि त्याच्याजवळ ठेवला. मग उभे राहून सॅल्यूट केला. मीही केला. तेव्हा लक्षात आलं की माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना काही कळत नाहीये.

ती बोटं हॉस्पिटलमध्ये काढली, तर्जनी आणि तिच्या शेजारचं. मेडिकल बोर्डाने फौजेतून मोकळं केलं, घरी आलो.

आता इथलं सांगतो, आणि राग आला तर येऊ दे. श्रीनिवासला शुक्रवार पेठेत आणलं त्या दिवशी मी हॉस्पिटलात होतो, पण नंतर कळलं, लाउडस्पीकर लावून भाषणं झाली. अंबादास मामा पहिल्या खुर्चीत बसले होते. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही. मुलगा कसा गेला हे त्यांच्यासमोर बसून, हात हलवून सांगायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. श्रीनिवासच्या शाळेच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आणि मेणबत्त्या दिवसभर पडत होत्या. त्याच ग्रुपमधली माणसं दोन गल्ल्या सोडून राहतात. जिना चढली नाहीत. पुढे एका ऑफिसात मामांच्या पेन्शनचा कागद अडला. चौकशीला गेलो तर उत्तर मिळालं, "फोन केला होता, त्यांनी उचलला नाही." ज्याला ऐकू येत नाही त्याला फोन! आणि वर तक्रार त्याचीच!

मी हॉस्पिटलमधून थेट त्यांच्या घरी गेलो होतो. मामा चटईवर बसले होते, समोर श्रीनिवासची ट्रंक. माझ्या पट्टीकडे बघितलं. मग हात उचलून विचारलं, "काय झालं?"

मी सांगायला सुरुवात केली. बर्फ, झोपडी, माउली, आमची दोरी. आणि मग त्या खुणेपाशी आलो. डावी तर्जनी वाकवून पुढे धरली आणि उजवा हात तसाच हवेत राहिला. अडकवायला बोट नव्हतं. मामा बघत राहिले. मग पुढे सरकले, स्वतःच्या उजव्या हाताची तर्जनी माझ्या तर्जनीत अडकवली आणि झटक्याने सोडली.

धागा तुटला.

मी मान हलवली. त्यांनीच मूठ छातीजवळून बाजूला ओढली आणि माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा मान हलवली. होय, हेच म्हणाला. त्याने माग बंद केला म्हणून आम्ही पाच जण आहोत.

मग त्यांनी हाताने विचारलं, "हातमोजे काढले होते?" मी हो म्हणालो. ते तोंडाने बोलले, मोठ्याने, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे. "काढायलाच लागतंय की. जाड हातमोज्यात काय बोलणार?" मग आतल्या खोलीकडे बघून अंगठा ओठाकडे नेला. मावशी, श्रीनिवासच्या आई, चहा ठेवायला उठल्या.

आज आम्ही दोघं रविवारी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वर्ग घेतो. मालकाने शेड दिली आहे, माग बंद असतात. विणकरांची मुलं, सुना, नातवंडं येतात, घरातल्या ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलायला शिकतात. मी पत्रकं वाटतो. मागावर असताना कानात बोळे घाला, म्हाताऱ्याशी समोर बसून बोला, फोन खाली ठेवा. लोक म्हणतात, लई कडक लिहितोस. लिहिणारच. "आजोबांना कळत नाही" असं म्हणणारी पोरं तिसऱ्या रविवारी आजोबांच्या चेष्टेवर लोळून हसताना मी बघितलीत. आजोबांना सगळं कळत होतं. त्यांच्याकडे तोंड करून कुणी बसत नव्हतं.

पहिली खूण आम्ही दोघं मिळून शिकवतो. डावी तर्जनी माझी, उजवी मामांची. मुलांना ते विचित्र वाटतं, मग कुणीतरी कारण विचारतं आणि मामा सांगतात. सांगून झालं की शेडमध्ये कुणी टाळ्या वाजवत नाही. मामा केसांतून बोटं फिरवतात. मग सगळे फिरवतात, पोरं, सुना, टक्कल पडलेले विणकर, मी. लान्स नायक श्रीनिवास, शुक्रवार पेठ. त्याचं नाव आम्ही असं घेतो.