खळ्यात बूट

आमच्या गावात भात झोडायचं ते अनवाणी. खळ्यात भात असताना तिथे चपला घालून पाय टाकणं म्हणजे लक्ष्मीच्या अंगावर पाय देणं. लहानपणी मी एकदा विसरलो, तर ताईने सगळ्यांदेखत माझा कान पिरगळला होता. पण काय सुख होतं त्या खळ्यात! शेणाने सारवलेली गार जमीन, घोट्यापर्यंत पेंढा आणि सगळीकडे नव्या भाताचा वास. नोकरीची सगळी वर्षं मुंबईत काढली, पण झोडणीला रजा टाकून रत्नागिरीची गाडी पकडली नाही, असं कधी झालं नाही.

पुढे माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि याच कान पिरगळणाऱ्या ताईने स्वतःची एक काढून दिली. ती शरीराने नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, तेव्हा मातीत अनवाणी जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी मान डोलावली. झोडणीच्या दिवशी मात्र चपला खळ्याबाहेर काढल्या. ताई समोरच होती, तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पेंढ्यातली एक काडी तळव्यात मोडली, एवढंच.

काही महिन्यांनी तिथे गाठ आली. काळपट, न दुखणारी. घरात एकमताने ठरलं की हे कुरूप. त्यावर बिब्ब्याचा चटका दिला. गाठ फुटली आणि शेजारी दुसरी उठली. शेवटी डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला, तर बुरशी निघाली. ती पेंढ्यात, कुजक्या लाकडात असतेच, धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडवत नाही. माझ्या अंगात तिला मोकळं रान मिळालं होतं. गाठी कापल्या, बुरशीवरचं औषध सुरू झालं आणि किडनी सांभाळणाऱ्या गोळ्या कमी केल्या. म्हणजे मला वाचवायला ताईची किडनी पणाला लावायची. मला धडकीच भरली.

जखम ताईच धुवायची. मोठ्या बहिणीने माझ्या पायांना हात लावायचा! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"पाय कशाला वढतोस, मेल्या?" ती ओरडायची.

एकदा न राहवून मी म्हटलं, "ताई, तुझी किडनी गेली तर?"

"गेली तर गेली. तू राह्यलास म्हंजे झालं," ती पट्टी गुंडाळत म्हणाली. मी एवढा बाप्या माणूस, हुंदके देऊन रडलो.

जखम भरली. किडनीही टिकली. यंदा झोडणीला मी मुकाट पडवीत बसलो, तर ताई आतून कापडी बूट घेऊन आली. नवे कोरे, अजून रस्ताही न पाहिलेले. तिने भाताच्या भाऱ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि तेच बोट बुटांना टेकवलं.

"घाल नि ये."

मी खळ्यात उतरलो. पायाखाली काहीच जाणवेना, त्याचं वाईट वाटलंच. तेवढ्यात शेजारची म्हातारी पुटपुटली, "खळ्यात बूट गो?"

ताईने भारा सोडता सोडता तिला सांगितलं, "लक्ष्मी हितं हाय तशी त्याच्या पोटात पन हाय. तिला नको का सांभाळायला?"