झाडावर कोण होतं

माझा नवरा दौलत वारला, म्हणून आता लिहिते आहे असं समजू नका. त्याला हे माहीतच होतं. माझ्या मुलीला मात्र माहीत नाही, शेजारणींना नाही. देवापुढे हात जोडतानाही मी हे कधी बोलले नाही. चौथी शिकलेली बाई आहे, जमेल तसं सांगते.

जंगलाचे ते सिनेमे तुम्ही पाहिले असतील — बिबट्याच्या छापाचा लंगोट, वेलीला लटकून नाला ओलांडणारा नट. त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या पहिल्या सिनेमाचं काम रामटेकच्या पुढच्या जंगलात चाललं होतं. मी आणि दौलत तिथे स्वयंपाकाला होतो. त्या नटाने खरं अस्वल हाकललं, ही गोष्टही तुमच्या कानावर असेल. पेपरात आली होती. त्याच गोष्टीवर त्याला पुढचे सिनेमे मिळत गेले. पोस्टरवर त्याच्या पायाखाली अस्वल असायचं.

ती गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली? मी.

सकाळची वेळ. बाकीची माणसं नदीवर गेलेली. चुलीपाशी आम्ही तिघंच. नट खाटेवर चहा पीत होता. गुळाच्या वासाने अस्वल आलं — सरळ माझ्याकडे. हातात पळी होती, ती घेऊन मी तशीच उभी. एक माणूस मोहाच्या झाडावर चढला. दुसरा जळतं लाकूड घेऊन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. अस्वलाने त्याचा खांदा फाडला, तरी तो हटला नाही. शेवटी तेच मागे फिरलं.

माणसं ओरडत धावत आली, तोवर झाडावरचा खाली उतरला होता.

"कोणं हाकललं वं?"

मी नटाकडे बोट दाखवलं.

"अन् दौलतच्या खांद्याले काय झालं?"

"झाडावर चढले होते. पडले."

असं मी बोलले — ज्याने मला वाचवलं त्याच्याबद्दल, त्याच्याच समोर. नटाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दौलतने पाहिलं, पण मान खाली घातली नाही.

का बोलले? तो नट माझं पिठलं मागून खायचा, मला नावाने हाक मारायचा. मला तो आवडत होता. बाकी काही झालं नाही. पण तेवढ्यासाठी नवऱ्याला झाडावर चढवायचं?

त्या दिवशी जखम धुताना दौलतने विचारलं, "काहून वं असं सांगितलं?" मी म्हटलं, पाणी गरम करून आणते. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही.

पुढे आम्ही सक्करदऱ्याला राहायला आलो. तो गल्लीतून निघाला की पोरं ओरडायची, "काका, अस्वल आलं! चढा!" मुलीच्या लग्नात तिचे सासरे, आमचे इवाई, सगळ्यांसमोर म्हणाले, "इवाईबुवा, मांडवाच्या खांबावर नोका चढू बरं!" सगळा मांडव हसला. दौलत वाढत होता — बुंदीची बादली हातात. तो वाढत राहिला. मी दोन हातांवर होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले का?

शेवटपर्यंत तो उघड्या अंगाने बसला नाही, उन्हाळ्यातही. खांद्यावरची ती खूण लोकांना भित्रेपणाची वाटायची. तशी ती मी केली होती.

मागच्या वर्षी तो नट वारला. मोबाईलवर व्हिडिओ टाकणारी एक पोरगी मला शोधत आली. दौलतला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आता सांभाळायचं कोणाला होतं? कोणालाच नाही. तिने विचारलं, "आजी, तेव्हा तुमचे मिस्टर कुठे होते?"

"झाडावर," मी म्हटलं.

मुलीने तो व्हिडिओ घरी सगळ्यांना लावून दाखवला. "बाबा पण ना!" म्हणून ती पोट धरून हसली. जावई हसला, नातवंडं हसली.

मीही हसले.