संध्याकाळची घोडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, नंतर चहा नाकात जायला नको. मी माझ्या हुशारीची गोष्ट सांगतोय. ही हुशारी अशी, की त्यानंतर दोन वर्षं घरच्यांनी मला साधी मेथीची जुडीसुद्धा निवडून आणायला सांगितली नाही!

दुसरं महायुद्ध अजून लागायचं होतं. मी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. शहाद्याहून निघालं की आधी आमचं गाव, पुढे कोसभरावर माझ्या शाळेचं गाव आणि त्याच्याही पुढे कळसाडी. एकच वाट, एकच ओळ. एवढं ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून तर आज तुम्हाला किस्सा मिळतोय.

शाळेत मी सायकलवर जायचो. सायकल म्हणजे काय चीज होती तेव्हा! आसपासच्या गावांत तेवढी एकच, आणि ती माझी. घंटी वाजली की म्हशीसुद्धा बाजूला व्हायच्या. रोज रात्री जेवणाआधी मी ती तेलाच्या फडक्यानं पुसायचो. बायको म्हणायची, माझ्याकडे कधी इतकं बघितलं नाहीत.

आमचे वडील नाना म्हणजे घोड्यांचे जुने दर्दी. सारंगखेड्याच्या यात्रेत कुणाला घोडं घ्यायचं असलं की नानांना सोबत नेत. नानांची परीक्षा काय? तर घोड्याच्या मानेवर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचे. जरा वेळानं डोळे उघडून म्हणायचं, “लई ले,” म्हणजे घेऊन टाक, नाहीतर, “चाल घर.” झालं! ना दात मोजणं, ना पाय चाचपणं. आणि म्हाताऱ्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता, हेच मला खुपायचं.

कारण मी धुळ्याला मास्तरकीचं ट्रेनिंग घेऊन आलो होतो ना! पुराव्याशिवाय बोलायचं नाही, मोजल्याशिवाय मानायचं नाही. त्या वर्षी घरचा जुना घोडा म्हातारपणानं गेला आणि नाना म्हणाले, “भाऊ, औंदा घोडं तू पसंत कर.” बस! मी लगेच दोनशे पानी वही आणली आणि तिच्यात सतरा रकाने आखले. उंची, छाती, खूर, भोवरे, चारा, चाल, दम... काही विचारू नका.

आता रोज शाळा सुटायच्या वेळी समोरच्या रस्त्यानं एक घोडी जायची, सोनी तिचं नाव. कळसाडीचे सुकलालभाऊ सकाळी तिच्यावर बसून शहाद्याला जात आणि संध्याकाळी परतत. ती परत जाताना काय पळायची! धुरळा खाली बसेपर्यंत घोडी दिसेनाशी! मी शाळेच्या ओट्यावर खिशातलं घड्याळ काढून बसलो. वडापासून पुढच्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंत किती वेळ लागतो ते रोज टिपलं. तीन आठवडे! एकही दिवस ती ढिली पडली नाही. असा आकडा शहाद्यात कुठल्या घोड्याचा नव्हता.

सकाळी जाताना ती कशी चालायची? मंडळी, सकाळी मी पाढे घ्यायचो. सकाळचं कोण बघतंय!

मी कळसाडीला जाऊन सौदा केला. सुकलालभाऊंना बैलजोडी घ्यायची होती, ते विकायला तयार झाले. बाजूला खुंट्याला एक शिंगरू बांधलेलं होतं, लांब पायांचं, कपाळावर टिकली.

सुकलालभाऊ म्हणाले, “गुरुजी, शिंगरूबी लई जा. पैसा नका देऊ. सोनीनं शे ते. मायलेकरू संगे ऱ्हायेल बरं.”

फुकट? मी मनात म्हटलं, हा माणूस मला गंडवतोय. फुकट काय देतो कोण? नक्की शिंगरात खोड असणार, आणि चारा माझ्या गळ्यात. मी वही मिटली आणि ऐटीत म्हणालो, “भाऊ, मला घोडी घ्यायचीय. कुटुंब नाही घ्यायचं!”

काय वाक्य होतं! वाटभर मीच त्याच्यावर खूश.

सोनीला ओढत ओढत घरी आणलं. नानांनी तिच्या मानेवर तळहात ठेवला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्तच वेळ.

“घोडी गुनी शे, भाऊ,” नाना म्हणाले. “पन तिना जीव आठे नही.”

“नाना, जीव इथे आहे की दुसरीकडे, याचा रकाना माझ्या वहीत नाही,” मी म्हणालो.

नाना वळले. तंबाखू मळत ओट्यावर जाऊन बसले.

मी मात्र नोंदी सुरू केल्या. घोडी दिवसभर कळसाडीकडे तोंड करून कान टवकारायची. मी लिहिलं: ‘अत्यंत सावध.’ अधूनमधून मोठ्यानं खिंकाळायची. लिहिलं: ‘आवाज खणखणीत, छाती मजबूत.’ चाऱ्याला तोंड लावायची नाही. लिहिलं: ‘खाणं कमी, परवडणारी.’ अहो, ती बिचारी आई रडत होती आणि मी तिला मार्क देत होतो!

रविवारी सकाळी तिच्यावर बसून शहाद्याच्या बाजारात निघालो. पाऊल उचलेना. मागून निघालेल्या मिरच्यांच्या बैलगाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. तिच्यावरून उतरून चाललो असतो तर लवकर पोचलो असतो. पण त्याच संध्याकाळी मोरीच्या बाजूला, म्हणजे कळसाडीच्या अंगाला, तिला काढली मात्र... आई गं! मोरीपुढे कशीबशी थांबवताना लगाम खेचून हाताची सालटी निघाली. घड्याळ बघितलं तर आधीच्या सगळ्या आकड्यांहून सरस.

दोन्ही नोंदी समोर ठेवून मी विचार केला आणि मग निष्कर्ष लाल शाईत लिहिला: ‘ही घोडी संध्याकाळची आहे. सकाळी मंद, सायंकाळी वेगवान.’

हसा, हसा. कप खाली ठेवून हसा.

चार दिवसांनी गावची जत्रा. नदीच्या वाळूत घोड्यांची शर्यत व्हायची आणि ती दर वर्षी झिपरू आप्पा जिंकायचे. त्यांचं तट्टू म्हणजे पोट सुटलेलं, बुटकं, शेपटीला गुंतवळ. मी पंचांकडे गेलो आणि हट्टच धरला, की यंदा शर्यत संध्याकाळी घ्या. पंचांना काय, ते हो म्हणाले. मग मी चावडीसमोर, भर गर्दीत, झिपरू आप्पांना वहीतले आकडे वाचून दाखवले.

आप्पांनी शांतपणे विडी पेटवली. “गुरुजी, वहीवर इतला भरोसा शे ना? मंग लावा सायकल!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सायकल म्हणजे माझा जीव. पण हातात तीन आठवड्यांचे आकडे होते, आणि मागे नाना उभे होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

“लावली!” मी म्हणालो. “पण तुम्ही काय लावता?”

“मी हारनू ते तट्टू तुम्हनं,” आप्पा म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी मीच सोनीवर बसलो. दुसऱ्या कुणाच्या हाती कसा देऊ असा दागिना? जत्रेचं सगळं माणूस नदीवर. निशाण दर वर्षी कळसाडीच्या अंगाला असतं. पण त्या बाजूला बंधारा फुटून चिखल झाला होता, म्हणून पंचांनी ते उचलून शहाद्याच्या अंगाला रोवलं. मला काय फरक पडणार होता? माझ्या वहीत सगळं होतं, फक्त दिशा नव्हती.

पंचांनी रुमाल टाकला. आप्पांचं तट्टू ढुंगण हलवत पुढे निघालं. सोनीनं मान वर केली, कान टवकारले, एक खिंकाळी फोडली आणि गर्रकन वळली.

“निशान आठे शे, गुरुजी! आठे!” सगळी जत्रा ओरडत होती. कुणीतरी “अरे, त्यास्ले आडवा रे!” म्हणालं. आडवणार कोण? पंच उड्या मारून बाजूला झाले, फुटाणेवाल्याची टोपली उलटली. मी लगाम ओढतोय, “सोनी, सोनी” म्हणतोय, शेवटी “बाई, बाई” म्हणायला लागलो. नदी मागे पडली, माझी शाळा मागे पडली, वड गेला, मोरी गेली. आणि मंडळी, लाज वाटते सांगायला, मोरीपाशी मी खिशातून घड्याळ काढून बघितलं. आजवरची सगळ्यात चांगली वेळ!

सोनी थांबली ती थेट सुकलालभाऊंच्या अंगणात. शिंगरू दोरी तोडायला आलेलं. मी खाली उतरायच्या आधीच ते पोटाखाली शिरून लुचायला लागलं, आणि इतके दिवस थरथरणारी ती घोडी अशी निवांत झाली की काय सांगू! मान खाली घालून त्याला चाटत राहिली. माझी सायकल गेली होती, अब्रू गेली होती, तरी मी लगाम सोडून वरूनच त्यांच्याकडे बघत बसलो.

सुकलालभाऊंची म्हातारी माय दारात येऊन बसली होती. तिनं घोडीच्या तोंडावरून हात फिरवला. “उनी का मन्ही माय! माले वाटनंच व्हतं, तू येशी.” मग तिची नजर वर माझ्याकडे गेली. “अरे, गुरुजी! तुम्हीबी उनात का?” म्हणजे मीही आलोय, हे तिला आत्ता दिसलं!

सायकल आप्पांनी दुसऱ्याच दिवशी नेली. त्यांना चालवता येत नव्हती. ते ती हातात धरून गावभर फिरवायचे आणि माझ्या दारापाशी आलं की घंटी वाजवायचे.

मी कळसाडीला जाऊन शिंगरू मागितलं. म्हटलं, आता पैसे घ्या, दुप्पट घ्या. सुकलालभाऊ दारातल्या म्हातारीकडे बघत हात जोडून म्हणाले, “आते कसं देवानं, गुरुजी? मायना जीव लागना त्यावर.” घोडी परत करावी तर नाना काय म्हणतील! अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, मग घोडीचं काय होणार?

दारात घोडी असताना मास्तर पायी जाणार? गावानं हसून जीव घेतला असता. म्हणून सोनीवर बसून शाळेला निघायचो. आणि बघा, सकाळचीसुद्धा ती वाऱ्यासारखी पळायची! शाळा आली की पोरं उठून “नमस्ते गुरुजी” म्हणायची, मी हात हलवायचो आणि पुढे जायचो. कळसाडीला उतरायचं, माय चहा द्यायची, मग चालत मागे शाळेत. संध्याकाळी पुन्हा कळसाडी, आणि लगाम धरून पुढे मी, मागे सोनी, पावलापावलाला थांबत घरी.

व्हायचं तेच झालं. एके सकाळी डेप्युटीसाहेब अचानक तपासणीला आले. हजेरीपट घेऊन ओट्यावर उभे. समोरून मी भरधाव. “नमस्कार साहेब!” एवढंच म्हणता आलं, आणि मी गेलो.

परत आलो तेव्हा दुसरा तास संपत आला होता. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “मास्तर, शाळा चुकली का तुमची?”

“नाही साहेब, शाळा कळली होती. घोडी थांबली नाही.”

“रोज असंच?”

“रोजच्या वेळेची नोंद आहे साहेब,” मी म्हणालो आणि वही पुढे केली. काय करणार, सवय!

नोकरी जाते की राहते, काही कळेना. मी रात्रभर बसून अर्ज लिहिला. कळसाडीच्या शाळेत बदली मिळावी, सोबत पुरावा म्हणून सतरा रकान्यांची चार पानं, मोरीपर्यंतच्या वेळा आणि दिशा. हो, आता दिशासुद्धा घातली!

आठ दिवसांत अर्ज मंजूर होऊन आला. पुढे कळसाडीत मी अकरा वर्षं काढली आणि तिथल्यासारखं सुख मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. मात्र आल्यागेल्याला दाखवत नाही, कारण साहेबांनी खाली आपल्या हातानं शेरा मारला होता: ‘घोडीची बदली मंजूर. मास्तरांनी सोबत जावे.’