भिंतीवरची क्रियापदं

साठी उलटल्यावर मी जर्मनच्या वर्गात जाऊन बसले. शिंगं मोडून वासरांत शिरणं म्हणतात ते हेच. ग्वाल्हेरला, शिंदे की छावनीत, औषधाच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे हा वर्ग भरतो. बाकीच्या सगळ्या मुली नर्सिंग करून जर्मनीला निघालेल्या. मला नोकरी नको होती. माझी लेक तिकडे, जावई तिकडचाच, आणि पहिलीतली नात फक्त जर्मन बोलते. मला तिच्याशी मध्ये कुणाला न घेता बोलायचं होतं, एवढंच.

वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत क्रियापदं लावली होती. असणं, जाणं, हवं असणं, अशी रोजची, ज्यांच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. शिकवणारी माझ्या लेकीहून लहान. म्हणाली, "आंटीजी, दीवार देखके बोलिए. गलत बोलिए, पर बोलिए."

आमच्या घरी संस्कृतची रूपं पाठ झाल्याशिवाय ताट पुढ्यात येत नसे. भिंतीकडे बघून बोलणं म्हणजे मला सरळ सरळ कॉपी वाटली. पहिल्या दिवशी तोंडच उघडलं नाही. पण पोरी भिंतीकडे बघत धडाधड बोलायला लागल्या आणि ढ ठरायची वेळ आली, तेव्हा मीही मान वर केली.

मग तीच क्रियापदं कागदावर उतरवली आणि स्वयंपाकघरात, मोबाइल टेकवते तिथल्या भिंतीवर चिकटवली. व्हिडिओ कॉलवर नातीशी बोलले. काय खातेस, कुठे जातेस, तुला काय हवं? ती उत्तर द्यायची, मी वर बघून पुढचं क्रियापद शोधायची. ओळखीत एकही जण उरला नाही ज्याला मी हे ऐकवलं नाही.

एका रविवारी माझी अशीच शोधाशोध चाललेली असताना नात आईकडे वळली. "अजून बोलावं लागेल का? मला जायचंय."

लेक हसली. "थोडंच. आजीला बरं वाटतं."

दोघी जर्मनमध्ये, माझ्या तोंडावर, बिनधास्त. लेकीला तरी काय म्हणू? सराफ्यात सोनारासमोर बसून 'हा लुटतोय, ऊठ' असं मराठीत बोलायची सवय तिला मीच लावली. ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी बायकांना समोरचा हिंदीवाला बहिराच वाटतो.

मला शब्द न् शब्द समजला होता. गप्प बसायला हवं होतं. पण शिकल्याचा तोरा, आणि त्यात दुखावलेली मी! भिंतीकडे न बघता मी जर्मनमध्ये म्हटलं, "नाही बोलावं लागणार. जा तू." एकही चूक झाली नाही.

नातीचा चेहरा लालबुंद झाला. आईच्या कुशीत तोंड खुपसून ती रडायला लागली. "आई, तुला समजलं?" लेकीनं विचारलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! एवढ्याशा पोरीवर मी सूड उगवला होता. आजही आठवलं की शरमेनं मेल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. तिनं नातीला पुढे बसवलं. पाठ करून घेतल्याचं उघड दिसत होतं.

"आजी, माझं चुकलं."

नात माझ्याशी मराठीत बोललेलं ते पहिलं वाक्य.