कॅमेऱ्यात उरलेला अर्धा रोल

मुलगा नोकरीसाठी पुण्याला निघाला तो दिवस... भिलाईचं पावर हाउस स्टेशन, मध्यप्रदेश होतं तेव्हा. तो गाडीच्या दारात उभा होता. त्याच्याच कॅमेऱ्यानं मी त्याचा फोटो काढला आणि गाडी सुटली. कॅमेरा माझ्याच हातात राहिला.

घरात त्याचे फोटो होते, पण सगळे शाळेतले, तेल चोपडलेले. मिशी फुटलेला हा एवढाच. दुसऱ्याच दिवशी बाजारातल्या फोटोवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "अम्मा, आधा रोल बाकी है. अभी धुलवाओगी तो बेकार जाएगा."

वाया घालवणं मला जमत नाही... आले परत.

आता फोटो काढायचा कशाचा? हे प्लांटमधून येऊन बूट काढत होते. म्हटलं, उभे राहा. "माह्या थोबाडात काय पाहून राहिली? जेवाले वाढ." तेही खरंच. मग बुटांचाच काढला. दारात ऊन खात पडले होते, लाल धुळीनं माखलेले... ते तोंड तरी चालवत नव्हते.

हे शिफ्टला गेले की क्वार्टरमध्ये मी आणि गळका नळ. दोघांत नळच जास्त बोलायचा.

मागच्या अंगणात कॅमेरा मांडीवर घेऊन बसायला लागले. उगाच बटण दाबायचं नाही, पाहत राहायचं. मुनग्याच्या झाडाची सावली बादलीवर नीट पडली की मगच एक.

थंडीत संध्याकाळी घरोघरी कोळशाच्या सिगड्या पेटायच्या. कपडे काळे करणाऱ्या त्या धुराला मी रोज शिव्या द्यायची. एकदा तोच धूर खाली बसला, त्यात तिरपं ऊन शिरलं आणि आमची कळकट भिंत हळद लागल्यासारखी पिवळी झाली. कॅमेरा उचलेपर्यंत गेलंही सगळं.

मग रोज वाट पाहणं. कधी ढग, कधी शेजारीणच उशिरा सिगडी पेटवणार. एकदा भिंतीवरून ओरडले, "लवकर पेटव ना वं!"

"काहून बाई, डोकं फिरलं का तुहं? धूर पाहिजे तुले?"

"फिरलं तर फिरलं. तू पेटव."

पेटवली तिनं. भिंत पिवळी झाली, मी बटण दाबलं... रोल संपला.

फोटो धुऊन आले. पाकीट दुकानातच उघडलं. पोराचा शर्ट आहे, हलणारा हात आहे... मुंडकं नाही. मी कॅमेऱ्यातून पाहिलंच नव्हतं, त्याच्याकडे पाहत होते. फोटोवाला काही बोलायच्या आत मी रस्त्यावर आले.

बाकीचे घरी येऊन पाहिले. बूट, बादली, भिंत... आणि त्या पिवळ्या भिंतीवर कोळशाच्या तीन काळ्या रेघा. पोरानं लहानपणी ओढलेले क्रिकेटचे स्टंप. त्यापायी कान पिळला होता मी त्याचा. इतके दिवस समोर बसले, ऊन नि धूर पाहत राहिले, रेघा दिसल्याच नाहीत.

बऱ्याच वर्षांनी पुताईवाले आले. एक जण त्या रेघांपाशी थांबला. "अम्मा, इस पर भी चूना मार दूं?"

"मार," म्हटलं. फोटो आहे माझ्यापाशी.